सुगंधविरहित क्रीममधला नकोसा वास कसा घालवावा

कडुनिंबाच्या तेलाचा वास झाकायला क्रीममध्ये लव्हेंडर तेलाचे चार थेंब टाकले की ते क्रीम सुगंधविरहित राहत नाही. लव्हेंडरमध्ये लिनालूल हे सुगंधी रसायन असतं. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ते ०.००१ टक्क्याच्या वर गेलं तर युरोपात लेबलवर त्याचं नाव छापावं लागतं. लेबलवर ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या क्रीमची गोष्ट वेगळी, त्यात वास दाबणारा सुगंध असू शकतो. इथे मात्र वास झाकायचा नाही, उगमापाशीच कमी करायचा आहे.

आधी गुन्हेगार शोधा. तेलं, बटर ४० अंशांपर्यंत कोमट करून कागदी पट्टीवर घ्या. पाण्यात विरघळणारे घटक वापराच्या प्रमाणातच कोमट पाण्यात मिसळा. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. चार-पाच नमुन्यांनंतर नाक सरावतं, तेव्हा थोडं थांबा. संशय नेहमी तेलावर जातो, पण बऱ्याचदा दोषी निघतो तो बीटीएमएससारखा इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक.

मग बदल करा. कच्च्या शिया बटरऐवजी रिफाइंड घ्या, आणि कडुनिंबाचं तेल १ टक्क्यावरून ०.३ वर आणा. तेल आधीच खवट असेल तर फेकून द्या. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व (०.२ टक्के), पुढचा खवटपणा लांबवतं, झालेला परतवत नाही.

वास मासळीसारखा असेल तर तो बहुधा अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगांचा. माशाला लिंबू किंवा कोकम लावल्यावर हिवस वास उतरतो, तेच तत्त्व इथेही चालतं: आम्लात अमाइनचं क्षारात रूपांतर होतं आणि ते उडत नाही. सायट्रिक आम्लाचं द्रावण थेंबाथेंबाने घालून पीएच ५ च्या आसपास आणा. पण वास घामट किंवा शिळ्या लोण्यासारखा, म्हणजे मेदाम्लांचा असेल, तर हाच उपाय उलटतो. पीएच उतरला की ती आम्लं मोकळी होऊन जास्त उडतात.

यानंतरही वास उरला तर हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी पूड) १ टक्का पाण्याच्या भागात विरघळवा. त्याच्या पोकळ रेणूत वासाचे छोटे रेणू अडकतात. टोनर, सीरममध्ये हे छान काम करतं. क्रीममध्ये तेल आणि इमल्सिफायरच त्या पोकळ्या बळकावतात, म्हणून अपेक्षा कमी ठेवा. ते प्रिझर्व्हेटिव्हही अडकवू शकतं, त्यामुळे सूक्ष्मजीव चाचणी पुन्हा करून घ्या. गंधकाच्या वासावर झिंक रिसिनोलिएट हे वास पकडणारं जस्ताचं संयुगही चालतं, पण ते पाण्यात विरघळत नाही. आधीच विद्राव्य केलेलं घ्या, नाहीतर क्रीममध्ये कण राहतात.

तयार क्रीमच्या दोन बाटल्या भरा: एक फ्रिजमध्ये, दुसरी ४० अंशांवर चार आठवडे. दर आठवड्याला दोन्ही खोलीच्या तापमानाला आणून तिघांकडून हुंगवून घ्या, आणि कोणती कुठली ते त्यांना सांगू नका. हातावर लावूनही बघा, कारण बाटलीत न जाणवलेला वास अंगाच्या उबेने वर येतो.