वेल्डिंगचा गॅस कधी भरून आणायचा? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं पत्र्याचं शेड आहे, ग्रिल, गेट, एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंग असली कामं चालतात. मागच्या उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी एका जिन्याच्या रेलिंगचे शेवटचे चार जॉईंट राहिले होते अन् टॉर्चमधली टंगस्टनची सळई काळी पडायला लागली, बीडवर, म्हणजे वेल्डिंगच्या जोडावर, बारीक बारीक भोकं. तापलेल्या जोडाला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसची बाटली रिकामी, एजन्सी बंद, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची वास्तुशांत. त्यांची अडचण झाली याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आरगॉन आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड), या दोन्ही गॅसच्या बाटलीवरच्या दाबाच्या मीटरचा काटा एकसारखा वाचायचा. आरगॉन हा नुसता दाबून भरलेला गॅस आहे, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला की गॅस पण अर्धाच उरला, मिक्स (आरगॉन-सीओटू) गॅसचं पण तसंच. ४७ लिटरची बाटली १५० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की साधारण ७,००० लिटर गॅस. काटा ३० वर आला तर ४७ गुणिले ३० म्हणजे १,४१० लिटर, आणि फ्लो मिनिटाला १० लिटर असेल तर १४० मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासाच्या थोडं वर, आणि हा वेळ फक्त आर्क (वेल्डिंगची ठिणगी) चालू असतानाचा धरायचा. काम हातात घ्यायच्या आधी मोबाईलवर एवढा गुणाकार कराच.

सीओटूचं तसं नाही बरं का. तो बाटलीत पातळ, म्हणजे द्रवरूप असतो, २० डिग्रीला काटा ५७ बारच्या आसपास दाखवतो आणि आत पातळ गॅस शिल्लक आहे तोवर तिथंच राहतो, मग पोरं म्हणतात "मालक, बाटली भरलेली आहे की!" आणि काटा पडायला लागतो तेव्हा पातळ गॅस संपलेला असतो. त्यात आपल्या सोलापूरचं ऊन, ३१ डिग्रीच्या वर गेलं की सीओटू पातळ राहतच नाही, मग शेडमध्ये ४२ असताना काटा चढलेला दिसतो पण गॅस तेवढाच असतो. म्हणून सीओटूची बाटली वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या खांद्यावर पंच केलेलं असतं, ते वजा करा, जे उरलं तो गॅस. एक किलोचे साधारण ५४० लिटर होतात, १५ च्या फ्लोवर अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त चालतं.

दुसरं, भोकं पडली की लगेच बाटली बदलायला धावू नका. उन्हाळ्यात आपण कूलर, पंखा थेट जॉबवर लावतो आणि तो वारा गॅस उडवून लावतो, आधी पंखा दुसरीकडं वळवून बघा. वेल्डिंग टॉर्चच्या नोझलमध्ये स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) साचलाय का, माल गंजका किंवा तेलकट आहे का, तेही बघा.

आणि बाटल्या नेहमीपेक्षा लवकर संपायला लागल्या तर लीक शोधा. संध्याकाळी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करा, काटा कुठं आहे ते खडूने भिंतीवर लिहा, टॉर्चचं बटण दाबू नका, दहा मिनिटांनी परत बघा. काटा उतरला म्हणजे गॅस कुठून तरी जातोय, मग साबणाचं पाणी घेऊन रेग्युलेटरची नट, नळीचे क्लिप, सगळीकडं लावून बघा, बुडबुडे आले तिथं लीक. व्हॉल्व्ह बंद असताना दिसणारा आकडा रेग्युलेटरात आणि नळीत अडकलेल्या गॅसचा असतो, बाटलीचा नाही, तो बघून "आहे अजून" म्हणू नका.

बाटली पार शून्यावर पण आणू नका, आत हवा आणि ओल शिरते, थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह घट्ट बंद करूनच परत द्या.

आम्ही आता आरगॉन ४० वर आला की एजन्सीला फोन करतो, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आधी तर एक जादा बाटली भरून साखळीने भिंतीला बांधूनच ठेवतो.