‘रिप्लाय मी’ की ‘रिप्लाय टू मी’?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा पत्रव्यवहार मी पाहतो. आमच्याकडून जाणाऱ्या ई-मेलांत सर्वाधिक चुकणारा शब्द म्हणजे ‘रिप्लाय’.

या चुकीचे मूळ आपल्या मराठीतच आहे. ‘मला उत्तर द्या’ या वाक्यातला ‘ला’ हा प्रत्यय सर्वनामाला असा चिकटून बसतो की तो वेगळा शब्द वाटतच नाही, आणि म्हणून इंग्रजीत लिहिताना नेमका तोच गळून ‘प्लीज रिप्लाय मी’ असे वाक्य तयार होते. ‘रिप्लाय’ क्रियापदानंतर व्यक्ती येवो, पत्र येवो की प्रश्न, त्याआधी ‘टू’ हवाच. उत्तर कोणाला द्यायचे हे लिहायचे नसेल, तर नुसते ‘प्लीज रिप्लाय’ पुरते. ‘गिव्ह रिप्लाय’ लिहिण्याचीही गरज नाही, कारण मराठीत वेगळे लागणारे ‘देणे’ ‘रिप्लाय’मध्ये आधीच सामावलेले आहे. ‘आन्सर’चे उलट आहे: क्रियापद असताना ‘आन्सर द क्वेश्चन’, नाम झाले की मात्र ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. वाजणाऱ्या फोनलाही ‘आन्सर’च करतात.

अर्थातही फरक आहे. ग्राहकाने ‘माल कधी निघेल?’ असे विचारले आणि आपण ‘आपला ई-मेल मिळाला, चौकशी करून कळवतो’ असे लिहिले, तर तो ‘रिप्लाय’ झाला. ‘आन्सर’ मात्र तारीख कळवल्यावरच होईल. दोन्हींसाठी मराठीत आपण ‘उत्तर’च म्हणतो, त्यामुळे हा भेद सहज निसटतो.

‘रिप्लाय बॅक’मधला ‘बॅक’ अनावश्यक आहे. ‘प्लीज रिव्हर्ट’ भारतातल्या कार्यालयांत सर्रास चालते; परंतु ‘रिव्हर्ट’चा रूढ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा असल्याने परदेशी ग्राहक गोंधळू शकतो, म्हणून मी ते टाळतो.

भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-डी’ येते, ‘रिप्लाइंग’मध्ये मात्र ‘वाय’ टिकतो. उच्चारात जोर ‘प्लाय’वर द्यावा, मग शब्द नाम असो वा क्रियापद.

राहिले ई-मेलमधले ‘रिप्लाय ऑल’. हे बटण मूळ पत्रातल्या सर्वांना उत्तर पाठवते. एकदा ‘दर अजून दोन टक्के उतरवता येईल का?’ हा आमच्या मालकांसाठीचा प्रश्न माझ्या हातून ग्राहकालाही गेला, आणि दहा मिनिटांत त्याचे एका शब्दाचे उत्तर आले: ‘यस’.