उन्हाळ कांदा चाळीत भरण्याआधी

जुलैत चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, वास सुटला की दोष चाळीला दिला जातो. खरे तर त्यातला बराच कांदा मार्च-एप्रिलमध्ये शेतातच बिघडलेला असतो. म्हणून आधी शेतातले बोलू.

साठवायचा कांदा मुळात टिकाऊ जातीचा हवा. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण या रब्बीच्या जाती पाच-सहा महिने टिकतात. खरिपातला गर्द लाल कांदा कितीही जपला तरी तेवढा टिकत नाही. नत्राचे हप्ते लागवडीनंतर ४५ दिवसांत संपवा. उशिरा टाकलेल्या युरियाने पात हिरवीगार राहते, पण माना (पात कांद्याला जुळते तो भाग) जाड होतात, आणि जाड मान लवकर सुकत नाही. सड तिथूनच आत शिरते.

काढणीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडा. वजन वाढेल म्हणून शेवटचे एक पाणी देण्याचा मोह होतो. ते वाढलेले वजन चाळीत टिकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी सुरू करा. सगळ्या पडेपर्यंत थांबू नका.

उपटलेला कांदा ढीग न लावता ओळीने पसरा, पहिल्या ओळीतले कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील असा. उघड्या उन्हात कांदा भाजतो, वरचा पापुद्रा तडकतो. असा तीन ते पाच दिवस वाळला की मानेला पीळ देऊन पात कापा, मात्र एक-दीड इंच मान ठेवा. मजुरी उक्ती दिली असेल तर कापणीकडे स्वतः लक्ष द्या, कारण घाईत मान बुडापासून उडवली जाते. मग जखम उघडी राहते, बुरशी शिरते आणि मोडही लवकर येतात.

यानंतर सावलीत दहा-बारा दिवस. सर्वाधिक टाळाटाळ इथेच होते. मान पूर्ण मिटली, पापुद्र्याला रंग आला आणि हातात घेतल्यावर कांदा खुळखुळला की तो चाळीत जाण्याजोगा झाला. जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), चिंगळी (अगदी बारीक कांदा) आणि कुदळ-खुरप्याचा मार लागलेला माल आताच बाजूला काढून विका. साडेचार ते साडेसात सेंटिमीटर व्यासाचा एकसारखा कांदा भरा; लहान-मोठा मिसळला की फटी बुजतात, हवा खेळत नाही. अवकाळीत भिजलेला कांदा सुकल्यासारखा वाटला तरी चाळीत घालू नका.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि खालून मोकळा असावा. एक पाखी (कप्प्यांच्या एका रांगेची) चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम बांधावी. कप्प्याची रुंदी चार फूट, थर चार ते पाच फुटांपर्यंतच. जागा उरली म्हणून आणखी फूटभर चढवला की खालचा कांदा दबतो आणि मधली ऊब बाहेर पडत नाही. भरण्याआधी मागच्या वर्षीचा पाला-टरफले झाडून काढा. कांदा उंचावरून ओतू नका. आतला मार वरून दिसत नाही.

पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला पडदा सोडा, पण पाऊस थांबताच गुंडाळा. चोवीस तास प्लास्टिक लावलेल्या चाळीत कांद्याला घाम फुटतो आणि काजळी (काळी बुरशी) चढते. एखाद्या कप्प्यातून सडलेल्या कांद्याचे पाणी गळू लागले तर बाकीची चाळ न हलवता तेवढाच कप्पा रिकामा करा आणि निवडून लगेच बाजारात न्या.