विदर्भातून सांगलीत आलात? एसीच्या वासाचं आधी बघा

नागपूर-अमरावतीकडून सांगलीत बदलून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कूलर आणू का? मार्च-एप्रिलात तो इथेही चालतो. मे महिन्यात वळीव सुरू झाला की मात्र हवेत ओल येते आणि कूलरने अंग नुसतं चिकट होतं. त्यामुळे आपली मंडळी आज ना उद्या एसीवर येतातच. मग मला फोन येतो, "भाऊ, एसी वास मारून राहिला ना!"

विश्रामबागेत किंवा मिरज रस्त्याला भाड्याचा फ्लॅट बघत असाल आणि घरमालकाचा जुना एसी भिंतीवर असेल, तर डिपॉझिट देण्याआधी तो अर्धा तास चालवून बघा. वास आला तर सर्व्हिसिंगचा खर्च कोणाचा, हे तिथेच ठरवून घ्या. सामान लावून झाल्यावर हा विषय काढला की तोंडं वाकडी होतात.

घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड कॉइलवरून फिरवतो आणि परत सोडतो. हवेतल्या बाष्पाचं कॉइलवर पाणी होतं, त्यात धूळ, फोडणीचा धूर, उदबत्ती सगळं चिकटतं. एसी बंद केल्यावर ती ओल तशीच राहिली की बुरशी धरते. न वाळलेल्या फडक्यासारखा जो कुबट वास येतो, तो हिचा. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास आपल्याला लहानपणापासून प्रिय, म्हणून की काय, सुरुवातीला बरेच जण हा कुबटपणाही चालवून घेतात. घेऊ नका. वर रूम फ्रेशनर तर मुळीच मारू नका, दोन्ही वास एकत्र फिरत राहतात.

फिल्टरची जाळी पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. मार्केट यार्डाच्या आसपास राहत असाल तर हळदीच्या हंगामात आठवड्यालाच बघा. एसी बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर ठेवा, म्हणजे कॉइल वाळते. रात्री जमत नसेल तर सकाळी उठल्यावर करा. एवढ्या एका सवयीने निम्मी तक्रार उरत नाही, असं माझं मत.

तरीही वास राहिला तर मिस्त्री बोलवा, पण फेब्रुवारीतच. उन्हाळा तापला की "येतो की ओ, उद्या येतो" हे बरेच दिवस ऐकावं लागतं. ब्रशने धूळ झाडून जाणारी कोरडी सर्व्हिस इथे कामाची नाही. खाली पिशवी बांधून जेट पंपाने कॉइल, ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) आणि पाण्याचा ट्रे असं तिन्ही धुवायला सांगा. ब्लोअर हमखास राहून जातो, म्हणून समोर उभे राहा. ॲसिडचं पाणी मारू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या पात्या खराब होतात. आणि कुबट वासावर कोणी "गॅस भरावा लागेल" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, गळती असल्याशिवाय कमी होत नाही.

वास गटाराचा असेल तर कॉइल धुऊन काही होणार नाही, एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी शोधा. ती बाथरूमच्या ड्रेनेज पाइपात घुसवलेली सापडते आणि तिथली घाण हवा सरळ खोलीत येते. नळी बाहेर काढून तोंड मोकळं सोडा, खाली बादली ठेवा. अचानक कुजका वास आला तर आत पाल किंवा उंदीर मेलेला असणार. जळकट वास आला तर मात्र विचार करत बसू नका, एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला खटका, पाडा आणि मिस्त्री येईपर्यंत वर करू नका.

नदीकडच्या भागात तळमजला घेतलात तर अजून एक. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे आकडे इथे पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी घरांत शिरलं होतं. म्हणून आउटडोअर युनिट जमिनीवर ठेवू नका, वर गॅलरीत किंवा गच्चीत बसवून घ्या. पाण्याखाली गेलेलं युनिट बाहेरून वाळलेलं दिसलं तरी वायरिंग तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि भिंतींना गाळाचा वास असेपर्यंत एसी लावून खोली बंद करू नका, आधी खिडक्या उघड्या टाकून ऊन-वारा लागू द्या.