पुढची तुटलेली स्प्रिंग बदलताना
मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याभोवती स्प्रिंग असा एकत्र खांब) गाडीत स्प्रिंग बहुधा तळाच्या वेटोळ्याशी तुटते. तिथे चिखल साचून गंज धरतो. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदला, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते.

गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नको. चाक काढा. ब्रेक होज, एबीएसची वायर आणि लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा दांडा) स्ट्रटवरून सोडवा. नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) 2 बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा खुणेने आखा. वरच्या माउंटचे (स्ट्रट गाडीच्या बॉडीला जोडणारा भाग) नट शेवटी, स्ट्रट धरून.

माउंटच्या मधला, शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचा नट मात्र स्प्रिंग दाबल्याशिवाय अजिबात सैल करू नका. उसळलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. समोरासमोर 2 स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) धड वेटोळ्यांवर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. माउंट हाताने फिरू लागला की पुरे.

नव्या स्प्रिंगचे टोक खालच्या बशीच्या खाचेत टेकायलाच हवे. नंतर अलाइनमेंट करून घ्या.