सोलरचे पाणी रात्रीतून गार होत असेल तर

दिवसभर लख्ख ऊन, संध्याकाळी नळाला चटका बसेल असे पाणी आणि पहाटे सहाला तेच पाणी कोमट, असे होऊ लागले की पहिला संशय गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांवर जातो. त्या बदलण्याआधी उष्णता टाकीतून जाते की घरातल्या पाइपांतून, हे ठरवावे. त्यासाठी दोन रात्री आणि स्वयंपाकघरातला एक थर्मामीटर पुरतो. ताप मोजण्याचा चालत नाही, कारण त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते.

पहिल्या रात्री सगळ्यांची कामे आटोपल्यावर, गच्चीला सर्वांत जवळ असलेला गरम पाण्याचा नळ सोडावा, पाइपातले निवलेले पाणी जाऊ द्यावे आणि मग तापमान मोजून लिहून ठेवावे. सकाळी कोणी आंघोळीला जाण्याआधी तसेच पुन्हा मोजावे. दुसऱ्या रात्री हेच करावे, पण मोजून झाल्यावर टाकीतून घरात उतरणाऱ्या गरम पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद करून झोपावे. टाकीच्या माथ्यावरचा उघडा एअर व्हेंट मात्र कधीही बंद करू नये, कारण वाफेला आणि हवेला तीच वाट असते. चांगले आवरण असलेल्या २०० लिटरच्या टाकीतले पाणी रात्रभरात पाच ते दहा अंश उतरणे स्वाभाविक आहे. व्हॉल्व्ह बंद असताना घट तेवढीच राहिली आणि उघडा असताना ती वीस अंशांवर गेली, तर टाकी निर्दोष आहे.

अशा वेळी बाथरूममधला मिक्सर पाहावा. हँड शॉवर वापरून झाल्यावर तो केवळ त्याच्या खटक्याने बंद केला आणि मिक्सरचे दोन्ही कॉक उघडेच राहिले, तर गरम व गार पाइप मिक्सरच्या आत एकमेकांना जोडलेले राहतात आणि ज्या बाजूला दाब जास्त त्या बाजूचे पाणी दुसरीकडे शिरते. आमच्याकडे दोन नळ्या बदलून झाल्यावर एका पहाटे गार पाण्याच्या नळाला कोमट पाणी आले, तेव्हा कुठे हे लक्षात आले. त्या नळ्या अर्थातच चांगल्या होत्या. गार पाण्याला प्रेशर पंप असेल तर उलट घडते, गार पाणी सोलरच्या टाकीपर्यंत चढते आणि व्हेंटमधून पाणी गळू लागते. रोज एकाच बाथरूमचा गरम पाण्याचा अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद करणारा छोटा कॉक) बंद ठेवून पाहिले की दोषी मिक्सर सापडतो. दोन्ही कॉक बंद करण्याची सवय लावावी. पाहुण्यांचा भरवसा नसेल तर मिक्सरकडे येणाऱ्या दोन्ही पाइपांवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत.

व्हॉल्व्ह बंद असूनही पाणी गार झाले, तर मात्र गच्चीवर जावे. नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी थर असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल, तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली आहे आणि ती बदलावीच लागेल. हे काम ऊन चढण्याआधी करावे, कारण उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरले की काच तडकते.

सकाळी पहिल्यांदा येणारे गार पाणी हा निराळा प्रश्न आहे. पाऊण इंची पाइपाच्या २० मीटर लांबीत सुमारे सहा लिटर पाणी रात्रभर पडून निवते, आणि तेवढेच गरम पाणी प्रत्येक वापरानंतर पाइपात अडकते. गच्चीवरच्या पाइपाचे काळे फोमचे आवरण उन्हाने भुगा झाले असेल तर ते बदलून वर ॲल्युमिनियमची टेप गुंडाळावी. सांधे आणि वळणे उघडी ठेवू नयेत, कारण प्लंबर हमखास तिथेच कंटाळतो.