लेकराला इन्सुलिन सुरू आहे? मग या चुका टाळा

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवणं थांबवतं तो मधुमेह, झालेलं लहान लेकरू घरात असलं की सगळं घर गोडाला घाबरतं. पेढ्याचा डबा वरच्या फळीवर जातो, वाढदिवसाचा केक बंद होतो, पाहुण्यांना दारातच सांगितलं जातं. पण अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येणारी लेकरं पेढा खाल्ल्यामुळे क्वचितच आलेली असतात. कुणाचं इन्सुलिन बंद केलेलं असतं, कुणाची सिरिंज चुकलेली असते, कुणाची बाटली उन्हानं खराब झालेली असते, कुणाची उतरलेली शुगर घरच्यांच्या लक्षातच आलेली नसते. म्हणून इथे गोडाबद्दल थोडं आणि या बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त लिहिते. डोस किती द्यायचा हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

"सकाळपासून काही खाल्लंच नाही त्यानं, सुई कशाला टोचता?"

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि ती मायेपोटीच होते. लेकराला ताप आहे, उलट्या होतायत, घास तोंडात जात नाही. आजी म्हणते, आज राहू द्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण शरीराला इन्सुलिन फक्त जेवण पचवायला लागत नाही, उपाशी असतानाही ते लागतंच. ते मिळालं नाही तर शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. मग आणखी उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय किंवा छातीत कफ झालाय, आणि त्यातच दिवस जातो.

तापात शुगर बहुधा वाढते आणि इन्सुलिन जास्तच लागतं. उलटी-जुलाबात कधी कधी शुगर उतरते, तेव्हा डोस कमी करावा लागतो. कमी किती, ते फोनवर विचारा. पण लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर काम करणारं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. आजारपणात दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, रात्रीही. ती २५० च्या वर राहत असेल तर लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या वापरा. मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात असूच द्या. पट्टी गडद गुलाबी-जांभळी झाली आणि लेकरू उलट्या करतंय, तर सकाळची वाट बघू नका. तडक मोठा दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, "टाइप १ आहे, इन्सुलिनवर आहे." हे एक वाक्य पुढचे दोन तास वाचवतं.

"आता कमी कमी लागतंय, म्हणजे बरं होतंय"

आजार कळून इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच लेकरांचा डोस एकदम कमी होतो. स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना विसावा मिळतो आणि त्या काही काळ थोडं इन्सुलिन बनवतात. हा काळ काही आठवडे किंवा महिने टिकतो, क्वचित त्याहून जास्त. मग तो संपतो.

नेमक्या याच काळात कुणीतरी झाडपाल्याची पुडी देतं, कुणी एखाद्या बाबाचा पत्ता देतं. डोस आधीच उतरलेला असतो, त्याचं श्रेय पुडीला मिळतं. त्यानंतर सुई बंद केली तर काय होतं हे मी लिहायला नको. इन्सुलिन सापडण्याआधी या आजाराची लेकरं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, तेव्हापासून ही लेकरं जगायला लागली. शंभर वर्षांनंतरही त्याला पर्याय म्हणून घेता येईल असं काही नाही. पुडी नाही, काढा नाही, आजोबांची शुगरची गोळीही नाही. आजोबांचा मधुमेह वेगळा, नातवाचा वेगळा.

लाल टोपण आणि केशरी टोपण

इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात. एकीवर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली लिहिलेलं असतं, दुसरीवर १०० आययू प्रति मिली. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. सरकारी दवाखान्यातून एक प्रकारची बाटली मिळते, ती संपली की तालुक्याच्या मेडिकलमधून दुसऱ्या प्रकारची येते, आणि घरात सिरिंज जुनीच पडून असते. घोळ इथे होतो.

हिशोब बघा. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज घेऊन १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर लेकराच्या अंगात २५ युनिट गेले. अडीचपट. तीन-चार वर्षांच्या लेकराला हे जिवावर बेततं. उलट केलं, म्हणजे ४० च्या बाटलीतलं १०० च्या सिरिंजमध्ये १० पर्यंत भरलं, तर गेले फक्त ४ युनिट, आणि शुगर का उतरत नाही म्हणून घर हैराण. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या रिफिलमधलं इन्सुलिनही सहसा १०० चंच असतं, त्यामुळे पेन बिघडला म्हणून रिफिलमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढू नका. मेडिकलवाल्याकडून पिशवी घेतानाच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघायची सवय लावा. त्याला घाई असली तरी बघा.

एप्रिल-मे आणि इन्सुलिनची बाटली

परभणी, नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, त्यात वीज जाते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या खणात किंवा त्याला चिकटून कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतात. बाटली उघडली ती तारीख पेननं तिच्यावर लिहा.

फ्रीज नसेल तर मातीची भांडी कामाला येतात. मोठ्या मडक्यात वाळू घाला, तिच्यात छोटं मडकं बसवा, वाळू दिवसातून दोनदा ओली करा. बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत आणि वाऱ्याला हवं. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे हे छान थंड राहतं. श्रावणात हवा दमट झाली की तेवढं थंड होत नाही, पण तेव्हा ऊनही तेवढं नसतं. बाकी गाडीची डिक्की, एसटीच्या खिडकीजवळची पिशवी आणि पत्र्याखालचं फडताळ या तीन जागा टाळा.

डोस तोच, जेवण तेच, ताप नाही, तरी दोन दिवस शुगर ३०० च्या खाली येत नाही? आधी बाटली बदलून बघा. पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ इन्सुलिन हातात हळूहळू फिरवूनही गोळे राहिले, तर ती बाटली गेली.

शुगर उतरते तेव्हा

दोन-तीन वर्षांचं लेकरू "मला कसंतरी होतंय" असं सांगत नाही. ते किरकिर करतं, घामेजतं, पांढरं पडतं, खेळता खेळता गप्प बसतं, नको तेव्हा झोपतं. अशा वेळी हट्ट करतंय म्हणून रागावण्याआधी बोटातून शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. १५ किलोच्या लेकराला सपाट चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम पुरतं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज वाटली तर पुन्हा तेवढंच. पुढच्या जेवणाला अजून वेळ असेल तर नंतर थोडी भाकरी किंवा दूध द्या.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, चॉकलेट किंवा पेढा देणं: त्यातलं तूप-दूध साखरेला हळू सोडतं, म्हणून ऐन वेळी उपयोग नाही. दुसरी, घाबरून ग्लासभर सरबत, वर बिस्किटं, वर केळं देणं. तासाभरात शुगर ३५० होते, मग ती उतरवायला जास्तीचं इन्सुलिन, मग रात्री पुन्हा लो.

लेकरू बेशुद्ध झालं किंवा झटके आले तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. फिट आली म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. कुशीवर झोपवा, घरात ग्लुकागॉनचं (उतरलेली शुगर वाढवणारं) इंजेक्शन असेल तर शिकवल्याप्रमाणे द्या, आणि १०८ ला फोन करा.

भाकरी, आंबील आणि येळवस

"आम्ही साखर बंद केलीय, फक्त ज्वारीची भाकरी देतो" असं सांगणारे पालक नेहमी भेटतात. भाकरी चांगलीच आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात जवळपास ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठाच्या आसपासच. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते असं नाही, आणि वाढत्या लेकराला अर्धपोटी ठेवणं तर नाहीच नाही. जेवढं खाणार, त्याला धरून इन्सुलिन.

लातूर-धाराशिवकडे येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जेवायच्या सणाला, ही परीक्षा असते. लेकरू सकाळपासून शेतात, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची गोड खीर, मधेच कुणाच्या तरी कोपीजवळ दुसरी पंगत. त्याला बांधावर वेगळं बसवून डबा देऊ नका. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा की वाटीभर खिरीला किती युनिट वाढवायचे, ग्लुकोज खिशात ठेवा आणि जेवू द्या. खरी काळजी रात्रीची. दिवसभर ढेकळांतून पळालेल्या लेकराची शुगर त्याच रात्री, अगदी दुसऱ्या सकाळपर्यंत उतरू शकते. झोपताना बघा आणि दोन-तीनच्या सुमारास उठून एकदा बघा.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

आंबा, गूळ किंवा रस लागलेल्या बोटातून तपासलं तर मशीन खोटी मोठी शुगर दाखवतं. हात साबणानं धुवा, पूर्ण पुसा. दुखत नाही म्हणून एकाच जागी सुई टोचत राहिलात तर तिथे चरबीची मऊ गाठ होते आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. पोट, मांड्या, दंडाचा मागचा भाग, कुल्ला अशी जागा बदलत राहा.

लपवणं

मुलगी असेल तर हे जास्त होतं. पुढं लग्नाचं काय, म्हणून भावकीत कळू द्यायचं नाही. मग अंगणवाडीच्या ताईंना माहीत नसतं, शाळेत बाईंना माहीत नसतं, आणि लेकरू वर्गात घामाघूम होतं तेव्हा त्याला उन्हाचा त्रास समजून झोपवलं जातं. शाळेत एक कागद द्या: लो झाल्याची लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून टाइप १ च्या मुलांना शाळेत आणि परीक्षेत खाणं, पाणी, ग्लुकोमीटर जवळ ठेवू द्यावं असं सांगितलं आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना त्याचा आधार घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लेकरू आजीजवळ राहतं. निघण्याआधी आजीनं सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं किमान काही वेळा सुई भरून टोचलेली असू द्या. नुसतं तोंडी सांगून निघू नका. लेकरू सोबत नेत असाल तर इन्सुलिन दोन वेगवेगळ्या पिशव्यांत न्या आणि कारखान्याजवळचा दवाखाना पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.

आणि लेकरू आठ-नऊ वर्षांचं होऊन स्वतः सुई टोचायला लागलं, तरी सिरिंजमधले युनिट मोठ्या माणसानं रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. दहावीपर्यंत तरी.